आठ प्लगची होंडा सिटी
होंडा सिटी भारतात १९९८ साली आली. २००३च्या दुसऱ्या पिढीत आयडीएसआय इंजिन, म्हणजे दर सिलिंडरला पुढे एक, मागे एक असे दोन स्पार्क प्लग: सिलिंडर चार, प्लग आठ! जुनी घेताना इथेच बघा. मागचे चार प्लग काढायला वायपर आणि काचेखालचं प्लॅस्टिक काऊल उतरवावं लागतं, म्हणून बरेच मेकॅनिक पुढचे चार बदलून मोकळे होतात. मग सिग्नलला उभी गाडी थरथरते, अ‍ॅव्हरेज पडतं. आठही एकदमच बदलून घ्या.

पावसाळ्यात मुंबईत हिंदमाता किंवा अंधेरी सबवेत पाण्यात बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. टो करून न्या, प्लग काढून पाणी बाहेर काढा. या कामाला मात्र पुढचे चार पुरतात.