नऊ ठोके आणि एक स्टॉप

ईमेलचा विषय साधा होता: वॉचडॉग रिसेटनंतर कधीकधी ईईप्रॉममधला एक बाइट एफएफ होतो. वॉचडॉग म्हणजे अडकलेल्या प्रोसेसरला पुन्हा सुरू करणारा टायमर, ईईप्रॉम म्हणजे वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी चिप, आणि एफएफ म्हणजे आठही बिट एक असलेला बाइट.

लिनक्सच्या गाभ्यातले, म्हणजे कर्नलमधले, आय-टू-सी बसचे (चिपांना एकमेकींशी जोडणाऱ्या तारांचे) काही ड्रायव्हर मी सांभाळते. अशी पत्रं अधूनमधून येतातच आणि बहुतेक वेळा दोष पाठवणाऱ्याच्या सर्किटमध्ये निघतो. पुल-अप रेझिस्टर जास्त मोठा असतो, तारा लांबवर ओढलेल्या असतात, किंवा एकाच पत्त्यावर दोन चिप बसवलेल्या असतात. त्यामुळे मी नेहमीचं उत्तर लिहायला घेतलं होतं: कर्नलची आवृत्ती कळवा, लॉग पाठवा, ताज्या मेनलाइनवर (मुख्य कर्नलवर) तपासून पाहा. मग खाली जोडलेली फाइल उघडली आणि उत्तर तसंच अर्धवट राहिलं. लॉजिक अनॅलायझरवर, म्हणजे तारांवरचे सिग्नल टिपणाऱ्या यंत्रावर, घेतलेली अठ्ठेचाळीस रेकॉर्डिंग होती, प्रत्येकाला नाव, प्रत्येकापुढे रिसेट कोणत्या क्षणी झाला त्याची नोंद. इतक्या वर्षांत इतका नेटका रिपोर्ट माझ्याकडे आलेला नव्हता.

लोकांना वाटतं की मेंटेनर म्हणजे दिवसभर कोड लिहिणारी व्यक्ती. माझा बहुतेक वेळ दुसऱ्यांचा कोड वाचण्यात जातो, तोही अशा बोर्डांसाठीचा, जे मी कधी हातात धरणार नाही. पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, ईमेलने येतो, मी शंका काढते, सुधारित आवृत्ती येते, पटली की मी माझी सही जोडून पुढे पाठवते. हार्डवेअर ज्याच्याकडे आहे त्याने ‘तपासलं, चालतं’ असं लिहिलं की त्यावर भरवसा ठेवायचा. दुसरा इलाज नसतो.

आता बसबद्दल, कारण सगळी गोम तिथेच आहे. आय-टू-सी फिलिप्सने १९८२ साली काढली. दोनच तारा, एक क्लॉकची आणि एक डेटाची. कुठलीही चिप तार वर ढकलत नाही, फक्त खाली ओढते. सगळ्यांनी सोडली की पुल-अप रेझिस्टर तिला वर नेतो. आठ बिट गेले की नवव्या ठोक्याला ऐकणारी चिप डेटाची तार खाली ओढून ‘मिळालं’ म्हणून पोच देते आणि क्लॉक पुन्हा खाली गेला की तार सोडते. नेमका याच ठोक्यात प्रोसेसर रिसेट झाला तर? ईईप्रॉमचा वीजपुरवठा चालूच असतो, प्रोसेसर मेला हे तिला कळत नाही. ती तार खाली धरून पुढच्या क्लॉकची वाट बघत बसते. प्रोसेसर उठतो, बस बघतो, तर डेटा खालीच. बस अडकली.

यावरचा उतारा जुना आहे, आय-टू-सीच्या विनिर्देशातच दिलेला आहे: क्लॉकचे नऊ ठोके द्या, चिप तार सोडेल. चिप एखादा बाइट वाचून दाखवत असताना अडकली असेल तर हा उतारा चोख लागू पडतो. चिप लिहून घेत असताना अडकली असेल तर काय होतं, ते त्या अठ्ठेचाळीस रेकॉर्डिंगांत होतं.

रिपोर्ट पाठवणाऱ्यांचं यंत्र प्रयोगशाळेतलं. आपण किती तास चाललो त्याचा चार बाइटचा आकडा ते दर थोड्या वेळाने ईईप्रॉममध्ये लिहीत होतं आणि त्याच्या लगेच पुढच्या पत्त्यावर तापमानाचं कॅलिब्रेशन ठेवलेलं. कधी तासांचा आकडा अफाट होऊन बसे. त्यासाठी त्यांनी काही आठवडे आपल्याच प्रोग्रामला दोष दिला. मग एका यंत्राचं कॅलिब्रेशन बिघडलेलं सापडलं. त्या पत्त्यावर कारखान्यातून बाहेर पडल्यावर कोणी लिहीतच नव्हतं, म्हणजे प्रोग्राम निर्दोष. तेव्हा त्यांनी बसवर अनॅलायझर लावला आणि मुद्दाम रिसेट करत बसले. १०० किलोहर्ट्झवर एक बिट म्हणजे १० मायक्रोसेकंद, एक बाइट आणि त्याची पोच म्हणजे ९०. त्या ९० पैकी फक्त पोचेच्या १० मध्ये रिसेट पडला तरच घोटाळा होतो. अठ्ठेचाळीसपैकी पाच नेम लागले होते.

त्यातलं एक मी पडद्यावर मोठं करून ठोके मोजले. चौथ्या बाइटच्या पोचेवर प्रोसेसर मरतो. त्याच्या पिना सुटतात, क्लॉक वर जातो, डेटा ईईप्रॉमने खाली धरलेला. थोड्या वेळाने आमचा ड्रायव्हर उठून ठोके सुरू करतो. पहिल्या ठोक्यासाठी क्लॉक खाली येताच ईईप्रॉम तार सोडते. बस तिथेच मोकळी झाली! पण आमचा कोड मधे बघतच नाही. त्याला नऊ पूर्ण करायचे आहेत. डेटा वर, ठोका. डेटा वर, ठोका. ईईप्रॉमच्या लेखी हे एक, एक, एक असे आठ बिट आहेत, म्हणजे एफएफ. नवव्या ठोक्याला ती बिचारी इमानदारीने पोच देते आणि तार पुन्हा खाली. नऊ ठोके म्हणजे बरोबर एक बाइट आणि त्याची पोच, त्यामुळे नऊ ठोक्यांनंतर आपण जिथून निघालो तिथेच परत.

इथवर काहीच बिघडलेलं नाही. ईईप्रॉमने एफएफ घेतला तो तिच्या बफरमध्ये. खऱ्या मेमरीत तो स्टॉप आल्याशिवाय जात नाही. स्टॉप ही निरोप संपल्याची खूण, म्हणजे क्लॉक वर असताना डेटा खालून वर जाणं. आणि रेकॉर्डिंगमध्ये नऊ ठोक्यांनंतर एक सुबक, नियमात बसणारा स्टॉप होता. त्याने तो एफएफ पक्का केला. कॅलिब्रेशनचा पहिला बाइट गेला.

तो स्टॉप बघताना मला कसंतरीच झालं, कारण तो मला आठवत होता.

तीन वर्षांपूर्वी या उताऱ्याचा पॅच चिप बनवणाऱ्या कंपनीतल्या एका इंजिनिअरने पाठवला होता. त्यांच्या मूळ आवृत्तीत नऊ ठोके होते आणि शेवटी तपासणी: डेटा अजून खाली असेल तर हात वर करून एरर परत करायची. बस कधीकधी मोकळी होत नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. त्यावर मी उत्तर दिलं की शेवटी काहीही असो, एक स्टॉप पाठवा, म्हणजे बस ठराविक स्थितीत येईल. त्यांनी तसं केलं. बस दर वेळी मोकळी होऊ लागली. त्यांनी आभार मानले, दुसऱ्या कोणीतरी ‘तपासलं, चालतं’ म्हणून कळवलं, मी सही केली. त्या दिवशी मला एक चांगलं काम केल्यासारखं वाटलं होतं.

त्यांचा मूळ कोड अडकत होता, पण उघडपणे अडकत होता. लॉगमध्ये एरर यायची, कोणीतरी यंत्र बंद करून चालू करायचं, डेटा शाबूत राहायचा. माझ्या सूचनेनंतर लॉगमध्ये ‘बस मोकळी झाली’ अशी ओळ येऊ लागली आणि डेटा गुपचूप जाऊ लागला. हे मला अजून पचलेलं नाही.

तरी रिपोर्टवर विसंबून न राहता मी स्वतः करून बघितलं. या कंट्रोलरचा एक जुना बोर्ड माझ्याकडे आहे. त्याच्या बसवर एक सुटी ईईप्रॉम जोडली आणि दुसऱ्या बोर्डाच्या जीपीआयओ पिना (प्रोग्रामने थेट वर-खाली करता येणाऱ्या) त्याच तारांना लावल्या. कर्नलमध्ये जीपीआयओवरच्या आय-टू-सीसाठी बिघाड घडवणारी सोय आहेच, त्यात लिहिणं पोचेवरच अर्धवट सोडून देण्याचा प्रकारही आहे. बिघाड घडवला, ड्रायव्हर चढवला, ईईप्रॉम वाचली. सगळीकडे एफएफ, आधीही आणि नंतरही. तासभर मी तारा तपासत होते. मग लक्षात आलं की ईईप्रॉम कोरी आहे आणि कोऱ्या ईईप्रॉममध्ये एफएफच असतं! तिच्यात ५ए भरलं आणि पुन्हा केलं. दुसऱ्याच प्रयत्नात ५ए च्या रांगेत एक एफएफ दिसला.

दुरुस्ती अवघी काही ओळींची. प्रत्येक ठोक्याबरोबर स्टॉप घडवायचा: डेटाच्या तारेने अर्ध्या ठोक्याच्या अंतराने क्लॉकच्या मागे जायचं. म्हणजे चिपने तार सोडताक्षणी तिला स्टॉप दिसतो आणि जास्तीचा एकही बाइट तिच्या गळी उतरत नाही. यात माझं काही डोकं नाही. कर्नलच्या सामाईक कोडमध्ये ही युक्ती २०१८ पासून आहे, नेमक्या याच धोक्याच्या उल्लेखासह. पण या ड्रायव्हरने स्वतःचा वेगळा उतारा लिहिला होता, कारण त्या चिपमध्ये तारा हाताने हलवण्याचं रजिस्टर निराळं आहे. सामाईक कोडला ते रजिस्टर जोडून देता आलं असतं. चिप कंपन्यांच्या लोकांना आपापला उतारा लिहायची फार हौस असते, आणि मी तो चालवून घेतला.

मूळ लेखकांना कळवायला गेले तर पत्ता बंद झालेला. कंपनी सोडली असावी. दुरुस्तीचा पॅच पाठवल्यावर मात्र दुसऱ्याच एका उत्पादकाच्या इंजिनिअरचं उत्तर आलं: हो, हे आम्हाला दीड वर्षापूर्वी सापडलं होतं, आम्ही आमच्या कर्नलमध्ये बदललं आहे. दीड वर्ष! सहा ओळींचा बदल बाहेर पाठवायला त्यांना वेळ झाला नाही. फुकटचा कोड घेताना सगळे जागे असतात. मी उत्तरात फक्त आभार मानले, आणि ते मला लिहायला जड गेलं.

आणखी एक गोष्ट मला सलत होती. पॅचच्या कुठल्या आवृत्तीत काय बदललं, कोणाच्या सांगण्यावरून बदललं, हे आमच्याकडे तीन आडव्या रेघांच्या खाली लिहितात आणि पॅच स्वीकारताना गिट, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम, तेवढा भाग गाळून टाकतं. त्यामुळे इतिहासात त्या स्टॉपच्या ओळीपुढे त्या इंजिनिअरचं नाव आहे. माझं नाव फक्त खाली, सही करणाऱ्यांत. उद्या कोणी ती ओळ कोणी लिहिली म्हणून शोधलं तर चूक त्यांच्या नावावर निघेल. म्हणून दुरुस्तीच्या संदेशात मी एक वाक्य घातलं: शेवटचा स्टॉप रिव्ह्यूमध्ये माझ्या सूचनेवरून जोडला गेला होता, मूळ पॅचमध्ये तो नव्हता. एका सहकाऱ्याने विचारलं की याची गरज काय. मी वाक्य ठेवलं.

पॅच मेनलाइनमध्ये गेला, तिथून जुन्या स्टेबल आवृत्त्यांतही. रिपोर्ट पाठवणाऱ्यांनी शंभर रिसेट करून एकही एफएफ न आल्याचं कळवलं. ज्या यंत्रांत तीन वर्षं जुना कोड चालला, त्यांच्यात कुठे कुठे असा एफएफ बसला असेल, हे शोधायचा मार्ग माझ्याकडे नाही.

स्वतःचा उतारा बाळगणारे आणखी चार ड्रायव्हर मी सांभाळते. त्यातल्या दोघांचे बोर्ड माझ्याकडे आहेत, ते या आठवड्यात तपासून झाले. उरलेल्या दोघांसाठी, ज्यांनी पूर्वी कधी त्यांच्यावर ‘तपासलं, चालतं’ असं लिहिलं होतं त्या सगळ्यांना मी पत्र टाकलं आहे. लिहिताना अर्धवट कसं सोडायचं ते त्यात पायरीपायरीने दिलं आहे आणि पहिली पायरी आहे: ईईप्रॉममध्ये आधी ५ए भरा. अजून एकाचंच उत्तर आलं आहे.