खाँसाहेब कोण करणार?
आज सकाळी तर्री पोहे खायला गेलो आणि दोन तास तिथंच अडकलो ना बाप्पा. आमच्या ओळखीच्या हौशी ग्रुपनं 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक पुन्हा बसवायचं ठरवलंय, आणि खाँसाहेबांच्या रोलला घेतलाय सव्वीस वर्षांचा पोरगा, बस, तेवढंच पुरलं. एक काका तर एवढे तापले की चमच्यातली तर्री शर्टावर सांडली तरी पत्ता नाही, म्हणे "वसंतरावांची जागा हा भरणार काय?" अहो पण जागा भरा म्हणतंय कोण? नाटक १९६७ चं, लिहिणारे दारव्हेकर मास्तर आपले नागपूरचे, पहिले खाँसाहेब म्हणजे गायक वसंतराव देशपांडे इथंच वाढले, सिव्हिल लाईन्सच्या सभागृहाला वसंतरावांचंच नाव आहे, त्यामुळे इथं प्रत्येकाला वाटते खाँसाहेब आपल्या घरचेच. २०१० मध्ये राहुल देशपांडेंनी केलं तेव्हाही तुलना झालीच होती की, आणि वसंतरावांचा नातू असून सुटका नाही तर या पोराची काय कथा.

मलाही खरं तर वयच खटकलं होतं. खाँसाहेब म्हणजे वर्षानुवर्षं गाण्यात हरत आलेला माणूस, ते नुसत्या तानांनी येत नाही. मग कोणीतरी त्याच्या तालमीचं रेकॉर्डिंग लावलं, नाटकातलं 'घेई छंद'. कढईचा खणखणाट, मागं ऑटोचे हॉर्न, आणि काका गप! शेवटी एवढंच म्हणाले, "आवाज आहे लेकाचा. पण दाढी चिकटवलेली नको दिसायला."

दोन तिकिटं माझीपण ठेवायला सांगून आलोय.