माकडांचे ठिपके माणसांकडे सरकले

आमच्या प्रयोगशाळेत विष्ठेच्या कुप्यांवर फक्त क्रमांक असतो. कोणती जंगलातली आणि कोणती पिंजऱ्यातली, हे विश्लेषण संपेपर्यंत आम्हाला कळू देत नाहीत. डूक लंगूर या माकडांच्या नमुन्यांतल्या जिवाणूंचा आलेख पडद्यावर आला (एक ठिपका म्हणजे एक नमुना, जवळचे ठिपके म्हणजे सारखे जिवाणू), तेव्हा ठिपक्यांचा एक अख्खा घोळका माणसांच्या नमुन्यांकडे सरकलेला दिसला. माणसांचे नमुने आम्ही तुलनेसाठी ठेवले होते. सहकारी लगेच म्हणाली, "कुणीतरी ग्लोव्ह्ज न घालता हात लावलाय."

शंका रास्तच होती. डूक हे पानांवर जगणारं माकड. त्याच्या जठराला कप्पे असतात. तिथे जिवाणू पानं आंबवतात आणि त्यातून सुटणारी आम्लं माकडाला ऊर्जा पुरवतात. अशा प्राण्याच्या विष्ठेत प्रेव्होटेला आणि बॅक्टेरॉइड्स, म्हणजे माणसाच्या आतड्यातली नेहमीची मंडळी, एवढी कशी? पण हाताचा संसर्ग असता तर त्वचेवरचे जिवाणू दिसले असते, आणि ते नव्हते. ब्लँक कुप्याही, म्हणजे पडताळणीसाठी नमुना न घालता ठेवलेल्या, स्वच्छ निघाल्या. मग यादी उघडली. तो घोळका प्राणिसंग्रहालयातला होता.

डूक आणि हाउलर माकडांवरच्या २०१६ सालच्या शोधनिबंधात हेच होतं. बंदिवासात मूळचे जिवाणू हरवतात, त्यांच्या जागी माणसांत आढळणारे येतात, आणि अर्धबंदिवासातली माकडं मधोमध पडतात. हे सगळं वाचलेलं असूनही आम्ही आधी ग्लोव्ह्जवरच घसरलो.

औषधं, मातीशी तुटलेला संबंध, माणसांचा सहवास, कारणं बरीच असू शकतात. माझा पहिला संशय ताटावर होता. विष्ठेतल्या डीएनएत पानांच्या हरितलवकांचाही (पेशींतल्या हिरव्या कणांचा) डीएनए सापडतो, म्हणजे प्राण्यानं काय खाल्लं याचा अंदाज त्याच कुपीतून येतो. जंगलातल्या नमुन्यांत तो भरपूर होता, बंदिवासातल्यांत अगदीच तुरळक. अर्थात विष्ठा आतड्याच्या शेवटाची बातमी देते. जठराच्या कप्प्यांत काय चाललंय ते तिच्यावरून नीट कळत नाही, आणि त्यासाठी निरोगी माकडाच्या पोटात नळी घालायला मी तरी सांगणार नाही.

सगळ्या प्राण्यांचं असंच होतं असंही नाही. २०१७ साली ४१ सस्तन प्रजातींची तुलना झाली. तीत माकडं आणि कुत्र्याच्या कुळातले प्राणी यांच्या पोटातली जिवाणूंची विविधता बंदिवासात घटलेली दिसली, जिराफ आणि गाईगुरांच्या कुळात मात्र फारसा फरक नव्हता.

संध्याकाळी त्या प्राणिसंग्रहालयाच्या पशुवैद्य मॅडमना फोन केला. त्यांच्या माकडांना वरचेवर जुलाब होत होते. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "कुठलं प्रोबायोटिक सुरू करू?"

"कुठलंच नको. त्या पुड्यांतले जिवाणू पानं पचवणारे नसतात."

"मग जंगलातल्या माकडांची विष्ठा? कोआलांना कॅप्सूलमधून देतात ना?"

दिली होती, आणि कोआलांच्या पोटातली जिवाणूंची घडण काही प्रमाणात बदललीही होती. पण ते काम त्याच प्रजातीच्या विष्ठेवर झालं होतं, आणि तिच्यातून परजीवी आणि रोगजंतूही येऊ शकतात. शिवाय नव्या जिवाणूंना खायला पानंच नसतील तर ते टिकणार कशावर? आधी गोड फळं कमी करा, पानं वाढवा, तेही हळूहळू, असं मी सुचवलं.

"पानगळीच्या दिवसांत ताजी पानं आणू कुठून?" त्यांनी विचारलं. पुढचं सगळं बोलणं फांद्या गोठवून ठेवण्यावर आणि फ्रीझरमधल्या जागेवर झालं.