माकडाच्या शेपटीला धरून चहा ओता

व्हिक्टोरियन काळातली इंग्लिश क्रोकरी म्हटलं की आपल्याला त्या नाजूक फुलाफुलांच्या कपबश्याच आठवतात, पण त्याच काळात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या भट्ट्यांमधून मजोलिका नावाचा जो भडक, चकचकीत, अतरंगी माल निघायचा ना, माझा जीव त्याच्यावर आहे. मिंटन कंपनीची एक किटलीच बघा, नारळाला कवटाळून बसलेलं माकड, अंगात जाकीट, मुंडकं उचललं की झाकण निघालं आणि वळवलेली शेपूट म्हणजे किटली धरायचा कान. यातून चहा ओतताना त्या कडक इस्त्रीच्या लोकांना हसू कसं आवरायचं देव जाणे!

हे खूळ सुरू केलं लेऑं आर्नू या फ्रेंच माणसाने. १८४८ मध्ये तो मिंटनकडे आला आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मजोलिका लोकांसमोर मांडली पण. साच्यातून काढलेली वस्तू एकदा भाजायची, मग शिशाच्या ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या चकाकणाऱ्या लेपात, तांब्याचा हिरवा, कोबाल्टचा निळा असे रंग कालवून ब्रशने शेजारी शेजारी लावायचे आणि परत भट्टीत, आणि एवढं करून रंग एकमेकांत ओघळले नाही पाहिजेत, खरी गोम ती. ग्लेझ खळग्यात साचून गडद होतो, उंचवट्यावर पातळ राहतो, त्यामुळे पानाच्या शिरा रेघ न ओढताच उठून दिसतात.

मग काय, सगळेच उतरले, वेजवुड कंपनी आली, मिंटनमधून बाहेर पडून जॉर्ज जोन्सने स्वतःचं दुकान थाटलं. त्याची वस्तू उलटी करून बघा, बुडाला बऱ्याचदा हिरवे-तपकिरी ढगाळ डाग असतात.

मिंटनचा पाच फुटी मोर तर वेगळंच प्रकरण. १८७८ मध्ये त्यातला एक घेऊन निघालेलं लॉक आर्ड जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ फुटलं, चोपन्न जणांतले फक्त दोघं वाचले, आणि हा पठ्ठ्या खोक्यासकट किनाऱ्याला लागला, चोचीचा टवका उडाला तेवढाच. आता तिथल्याच वॉर्नंबूल शहराच्या म्युझियममध्ये आहे.

पण ही चमक शिशाची होती हो. ग्लेझच्या पातेल्यात दिवसभर हात बुडवणारी माणसं, त्यात बायका आणि पोरीही, शिशाच्या विषाने आजारी पडायची, हाताचा पंजा लुळा पडायचा, कुणाची दृष्टी जायची. सदरलंडच्या डचेस मिलिसेंट यांनी बिनशिशाच्या ग्लेझसाठी मोहीम उघडली, तर लोकांनी त्यांचंच नाव ठेवलं, लुडबुडी मिली.