तात्पर्य सोडून काहीही लिहा

मुलांकडून त्यांच्याच चित्रगोष्टींची पुस्तकं करून घ्यायची ठरवली. पहिल्या दिवशी वर्गातल्या एकोणीस मुलांना एकेक कोरा कागद दिला आणि म्हटलं, मनातली गोष्ट लिहा, चित्रंही काढा. तासाभराने कागद गोळा केले. अकरा गोष्टींत राजा होता. चारांत ससा आणि कासव. उरलेल्यांनी "मी शाळेत जातो" लिहून खाली सही केली होती. आणि चित्र? एकोणीसच्या एकोणीस कागदांवर तेच: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर झोपडी, आभाळात बरोबरच्या खुणेसारखे पक्षी.

आमची शाळा कुडाळ तालुक्यातली, दुशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे. वर्गाच्या खिडकीतून माडाची बाग, जांभ्या दगडाचा गडगा आणि त्यावर उन्हाला बसलेलं कोणाचं तरी मांजर दिसतं. दोन डोंगरांमधून सूर्य उगवताना यातल्या एकाही पोराने पाहिला नसेल. तरी तो कागदावर उगवतोच. सोलापूरकडच्या माझ्या शाळेतही तोच उगवायचा, आणि तिकडे तर डोंगरच नाहीत.

एकाने कागद देताना विचारलं, "बाई, तात्पर्य लिवूचा काय?"

त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, योग्य शीर्षक द्या, शेवटी तात्पर्य लिहा, हे आम्हीच शिकवतो. राजाही आमचाच. दोष पोरांना कसला द्यायचा? मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "तात्पर्य सोडून काहीही लिहा." वर्गाला ती गंमत वाटली. पुढच्या शनिवारी राजे अकरावरून सातावर आले. बस, एवढीच प्रगती.

मग मी लिहायला लावणंच थांबवलं. शाळेतल्या आनंददायी शनिवार या उपक्रमाचा वेळ हाताशी होता. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी मोफत मिळतात, त्या शाळेच्या टीव्हीवर लावायचे, पण खालची ओळ पुठ्ठ्याने झाकून. पोरं फक्त चित्र बघून सांगायची, की काय चाललंय. मग पुठ्ठा काढायचा. कधी त्यांची गोष्ट छापील गोष्टीपेक्षा बरी निघायची, हे मी पुठ्ठा हातात घेऊन कबूल करायचे.

खरी कलाटणी मिळाली ती पिंगुळीत. पिंगुळी कुडाळला लागूनच. ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगायची कला, तिथली. तिथले चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी फोटो पाहिले, पण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी पोथी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. गोठ्याचं संग्रहालय केलंय तिथे, ते पाहिलं आणि पोथीही पाहिली. सुटी पानं, एकामागून एक उचलायची. पानावर नुसतं चित्र. बाजूने पाहिलेले चेहरे, मोठे थोरले डोळे. सांगणारा गातो, टाळ आणि हुडुक नावाचं छोटं चर्मवाद्य वाजतं, पान बदलतं, रामायण पुढे सरकतं.

चौथीतल्या एका मुलीने माझा पदर ओढला. "बाई, ह्येच्यात लिवलेला खय आसा?"

लिहिलेलं नाहीच. गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडात आणि चित्र हातात. परतीच्या टेम्पोत मी त्याच विचारात होते. चित्रात जे दिसतंय तेच पुन्हा शब्दांत लिहायला मी मुलांना लावत होते. "हा बैल आहे. बैल काळा आहे." पिंगुळीत कोणी "हा रावण आहे, त्याला दहा तोंडं आहेत" असं सांगत बसत नाही. तोंडं दिसतातच. सांगणारा रावणाच्या मनात काय चाललंय ते गातो.

दुसऱ्या दिवसापासून क्रम उलटा केला. आधी चित्र, मग ते हातात धरून वर्गापुढे तोंडी सांगायचं, लिहायचं सगळ्यात शेवटी. सांगताना मी मागे बसून त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवायचे.

आणि इथे भाषेचा पेच पडला. पोरं मालवणीत सांगायची आणि त्या भाषेत ती काय फुलायची! लिहायला बसली की मात्र "मला फार आनंद झाला" हे एक वाक्य सगळ्यांना पुरायचं. मी घाटावरची. पहिली दोन वर्षं तर "खय" (कुठे) आणि "हय" (इथे) यांतच माझा गोंधळ व्हायचा. शेवटी ठरवलं की माणसं बोलतील ती घरच्या भाषेत, बाकीची गोष्ट पुस्तकी मराठीत. एका पालकाला ते रुचलं नाही. "मालवणी घराक येताच बाई, तुमी शाळेत शुद्ध शिकवा." त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पोराला पुढे परीक्षा पुस्तकी भाषेतच द्यायची आहे. पण त्यांच्याच मुलाच्या गोष्टीतली आजी "अरे बाळा, तू कुठे गेला होतास?" असं बोलते, ते मी त्यांना वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "आमची आवस अशी बोलाक लागली तर डॉक्टराक दाखवूक व्हया." परवानगी मिळाली असं मी धरून चालले.

खोडरबरावर बंदी घातली. चौथीतला एक मुलगा कुत्र्याचं तोंड अकरा वेळा खोडून कागदाला भोक पाडायचा. आता चुकलेली रेघ चित्रातच वापरायची. पायाची एक रेघ जास्त झाली? मग कुत्रा धावतोय.

पण सगळ्यात मोठी चूक माझीच होती, आणि ती खोडताही येत नव्हती. एका मुलीने विहीर काढली होती, वरून पाहिल्यासारखी गोल, पण रहाट मात्र समोरून पाहिल्यासारखा. "असं नाही दिसत गं," म्हणत मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि नीट विहीर काढून दिली. छान आली. तिने ती पाहिली, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "आता तुमीच काढा." पुढचे तीन शनिवार तिने काही काढलं नाही. विहिरीचं पाणीही दिसायला हवं आणि रहाटही, म्हणून तिने तशी काढली होती, हे मला नंतर सुचलं. तेव्हापासून मुलांच्या कागदाशी जाताना हात मागे बांधते. केंद्रप्रमुखांना वाटलं मी तपासणीला आलेल्या साहेबासारखी फिरते.

मग पुस्तक बांधायचा घोळ. छापखान्यात मोठा कागद घड्या घालून १६ पानांचा फर्मा होतो. बरीचशी चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात ती त्याच हिशोबाने, दोन फर्म्यांची. आम्ही म्हटलं आपण एक फर्मा करू. चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की १६ पानं. पुढची दोन आणि मागची दोन मुखपृष्ठ-मलपृष्ठाला सोडली तर १२ पानं उरतात, म्हणजे उघडल्यावर समोरासमोर दिसणारी पाच जोडपानं आणि दोन्ही टोकांना एकेक सुटं पान. गणिताचा तासही त्यातच उरकला.

रंगवायला सोपं पडावं म्हणून मी कागद सुटे करून वाटले. इथेच फसले. दुमडलेल्या कागदावर दुसऱ्या पानाच्या शेजारी तिसरं नसतं, पंधरावं असतं. सगळं रंगवून झाल्यावर शिवलं तेव्हा एकीची गाय चौथ्या पानावर मेली आणि तेराव्यावर मजेत चरत होती. मुलं हसून लोळली. ती मुलगी रडली नाही, म्हणाली, "भूत आसा तां." तो शेवट तिने तसाच ठेवला.

बाकीच्यांसाठी पुन्हा पिंगुळीच उपयोगी पडली. तिथल्या पोथीत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. आम्हीही तेच केलं. प्रत्येक चित्र वेगळ्या कागदावर, गोष्टीच्या क्रमाने मांडायचं, फरशीवर बसून हलवाहलव करायची आणि जमलं की पाठीला पाठ. चिकटवायला शाळेच्या चुलीवर मैद्याची खळ शिजवली. कडेने दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवलं. दाभण माझ्या हातात, दोरा पोरांच्या. एक सांगायचं राहिलं, की हा उद्योग पावसाळ्यात करू नका. जुलैत केलेल्या तीन पुस्तकांवर आठवड्यात बुरशीची लव उठली. उरलेली आम्ही दसऱ्यानंतर बांधली.

फरशीवर मांडण्याचा मोठा फायदा म्हणजे पान उलटणं कळलं. "आणि दार उघडलं तर..." हे उजव्या पानावर खाली आलं पाहिजे. दारात कोण ते उलटल्यावर. हे मी शिकवलं नाही. एकाने दुसऱ्याची चित्रं बघताना पुढच्या कागदावर हात ठेवून झाकला आणि म्हणाला, "थांब, आता दाखव नको." तेवढ्यात सगळ्यांना समजलं.

आता एका मुलाबद्दल. तिसरीतला, बोलणं जवळपास नाही. हजेरीलाही मान हलवायचा. लिहिणं दोन ओळींपुढे जात नव्हतं. त्याने आठ चित्रं काढली, सगळी एका कोंबड्याच्या गोष्टीची. लाल तुरा, हिरवट काळी शेपटी, आणि शेपटीतलं एक पीस वाकडं. कोंबडा जिथे दिसतो तिथे तेच पीस वाकडं.

पहिल्या पानावर लिहिलं, "हा आमचा कोंबडा." दुसऱ्यावर, "आजोबा म्हणाले, ह्या वर्सा राखणेक ह्योच कोंबो." राखण म्हणजे शेताच्या, घराच्या राखणदाराला वर्षाचा मान द्यायचा, कोंबडा आणि वडे. तिसऱ्या पानावर रात्र, सगळं काळं तेलखडूने घासलेलं. चौथ्यावर उघडं खुराडं आणि शोधणारी माणसं, हातात बॅटऱ्या. पाचव्यावर लिहिलं होतं, "कोंबडा कुठे गेला कोणालाच माहित नाही. कोल्ह्याने नेला असेल."

आणि चित्रात तो स्वतः गोधडी पांघरून झोपलेला. डोळे घट्ट मिटलेले. गोधडीच्या कडेतून एक वाकडं पीस बाहेर आलेलं.

मी ते पान किती वेळ हातात धरून बसले कोण जाणे. पिंगुळीहून येताना जे मला शब्दांत नीट मांडता येत नव्हतं, ते या पोराने तेलखडूने करून ठेवलं होतं. "कोणालाच" हा शब्द खोटा, चित्र खरं, आणि दोन्ही एकाच पानावर. खरंच असं झालं होतं का, ते मी विचारलं नाही. "माहीत" त्याने "माहित" लिहिलं होतं. तेही तसंच राहू दिलं, याचा मला अजूनही थोडा त्रास होतो.

पालकसभेला पुस्तकं बाकांवर मांडली. केंद्रप्रमुखांनी दोन-तीन चाळली, चांगलं म्हणाले, आणि शेवटचं पान उलटून विचारलं, "तात्पर्य कुठाय?" मुलं खुसुखुसु हसली. फळ्यावर ते वाक्य अजून होतं.

त्या मुलाकडून आजोबा आले होते. धोतर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. वाचता येत नाही म्हणाले, म्हणून नातवाने शेजारी उभं राहून वाचून दाखवलं. सबंध पुस्तक, मोठ्या आवाजात. त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. "कोल्ह्याने नेला असेल," एवढं वाचून तो पान उलटायला गेला, तर आजोबांनी पानावर हात ठेवला. चष्मा पुसला. गोधडीच्या कडेवर बोट नेलं, पिसावर टेकवलं.

"म्हंजे," ते नातवाकडे न बघता म्हणाले, "कोल्ह्यान नेल्यान नाय."

पोराने मान हलवली आणि पान उलटलं.