आजींचे दोन फुलके

"मला दोन फुलके आणि वाटीभर वरण लागतं. त्याचेही पूर्ण पैसे?" बडोद्यात आज एका बुफेच्या दाराशी एका आजींनी मुलाला विचारलं. लक्ष्मी विलास पॅलेस पाहून दमलेलं कुटुंब. मुलगा गप्पच.

प्रश्न रास्त आहे. बुफेत पैसे माणशी, भूक कितीही असो. दणकून खाणारे जास्त असतील तरच तो परवडतो, आणि तोही सुरू होताहोताच गाठावा. उशिरा गेलात तर भजी झाकणाखालच्या वाफेने मऊ पडलेली, पनीर रबरासारखं. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहायला हवेत. भांड्याखालची ज्योत विझली असेल तर त्यातलं घेऊच नका.

कमी खाणारे दोघं-तिघं असतील तर सरळ टेबलावर मागवा. मुलांचा भात आधी सांगा, भाजी तिघांत एक. पोळ्या थोड्या थोड्या मागवा, एकदम आल्या की चिवट होतात.

गुडघे दुखणारं कुणी असेल तर मात्र मी गुजराती थाळीच सुचवेन. पैसे तिथेही माणशी, पण वाढपी ताटाशी येतो, फुलका गरम मिळतो, उठावं लागत नाही. मुलांचा दर वयावर की उंचीवर, हे बसण्याआधी विचारा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाता तेव्हा तुम्ही काय निवडता?