तुम्ही विचारलंत म्हणून: मातीत काय शिकायचं असतं?

लग्नाच्या पंगतीत असो की एसटीत, मला प्रश्न ठरलेला असतो. “सर, तुमी इंजिनेरिंग कॉलेजात शिकवता, पण शिकवता कायचं?” माती, असं म्हटलं की समोरचा हसतो. “मातीत का शिकाचं असते बा? आमी त रोजच तुडवतो.” आजवर हसून वेळ मारून नेली. पण तुम्ही विचारलंतच, तर एकदा नीट सांगतो.

तपासणी समितीच्या फायलीत माझ्या नावापुढे ‘संशोधनाचा विषय: फुगणाऱ्या मातीचं स्थिरीकरण’ असं भारदस्त लिहिलेलं आहे. खरा विषय म्हणजे आमच्या मधल्या खोलीचं दार. दारव्ह्याकडच्या आमच्या घरात हे दार पावसाळ्यात चौकटीत बसत नसे आणि मे महिन्यात आपोआप लागे. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग बाबा दर दिवाळीला सिमेंटनं बुजवत आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा तोंड वासे. या पायी त्यांनी दोन मिस्त्री बदलले. बिचाऱ्या मिस्त्र्यांचा काही दोष नव्हता.

आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, पातळ पापुद्र्यांच्या चळतीसारखं. पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरतं, माती फुगते. पाणी गेलं की आकसते आणि शेतात हात जाईल एवढी भेग पडते. घराखाली मधली माती ओली राहते, कडेची आधी वाळते, म्हणून भिंत एका अंगानं बसते. उपाय जुनाच आहे. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं तळाशी फुगा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, रुळवले. फुगा खांबाच्या साधारण अडीचपट रुंद ठेवायचा आणि खोल काळ्या मातीत निदान साडेतीन मीटर खाली जायचं, म्हणजे ऋतूंची ओल-वाळ जिथे पोचत नाही तिथे पाय रोवायचा. आमच्या घराचा पाया तीन फुटांवर होता. बाबांना हे समजावलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “आता सांगून काय उपेग?”

तिसऱ्या वर्षाच्या पोरांना मी हे फळ्यावर शिकवत नाही. वाळवून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली 10 ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात टाकायची, तेवढीच दुसऱ्यात मातीतेलात, म्हणजे रॉकेलात. 24 तासांनी बघायचं. मातीतेलात माती गुमान खाली बसते, पाण्यात फुगून वर येते. आमच्या घरामागची माती तेलात 12 मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात 24 वर. दुप्पट! मागच्या बाकावरची पोरंही त्या दिवशी उठून पुढे येतात. (रेशनचं मातीतेल बंद झाल्यापासून ते मिळवणं हेच एक संशोधन झालंय.)

आता संशोधनाचं. आमच्या धंद्यात पेपर लिहिण्याची एक सोपी वाट आहे. औष्णिक केंद्राची राख आणायची, मातीत 5, 10, 15, 20 टक्के मिसळायची आणि ताकद कुठे जास्त येते ते आलेखावर दाखवायचं. मीही असे दोन पेपर लिहिले. त्यांनी पदोन्नतीला हातभार लावला, रस्त्याला नाही.

रस्ता म्हणजे पांदण, वावरात जायची कच्ची वाट. पावसाळ्यात आमच्या पांदणीत बैलबंडी आसापर्यंत रुतते. मुरूम टाकला तर वर्ष-दोन वर्षांत तो खाली जातो आणि काळी माती वर येते. मातीत चुना मिसळला की तिचा चिकटपणा लवकर कमी होतो आणि पुढे हळूहळू ताकद येते. प्रयोगशाळेत चार टक्के चुन्यानं झकास निकाल आले होते. म्हणून काकांच्या वावराकडे जाणाऱ्या पांदणीचा 30 मीटरचा तुकडा मागून घेतला. मे महिन्यात, सुट्टी असते म्हणून, चुना पसरला, ट्रॅक्टर फिरवला, पाणी मारून दाबलं. पहिल्याच पावसाळ्यात तुकडा जागोजागी खचला. खणून पाहिलं तर आत ढेकळंच ढेकळं. बाहेरून चुन्यानं पांढरी, फोडली की आत काळी कुळकुळीत. प्रयोगशाळेत मी चाळलेली माती घेतली होती आणि पांदणीत चाळणी नसते, हे सुचलंच नाही.

काका बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, “वाफशावर काहून नाई केलं?”

वाफसा! वाळलेलं ढेकूळ दगड, भिजलेलं ढेकूळ गोंद. मधे थोडे दिवस ते हातात भुरभुरतं. पुस्तकात याच्या आसपास प्लॅस्टिक लिमिट नावाची चाचणी आहे. मातीची वळी वळायची आणि ती 3 मिलिमीटर जाडीला तुटू लागली की तेव्हाची ओल मोजायची. ही चाचणी मी शेकडो वेळा करून घेतली होती. घरी वाफसा हा शब्द लहानपणापासून ऐकत होतो. दोन्हींची गाठ मात्र काकांच्या त्या प्रश्नानं पडली.

तेव्हापासून चाचणीची माती मी पोरांना स्वतःच्या वावरातून आणायला सांगतो, तीही घरच्यांनी “आता वाफसा आहे” म्हटल्या दिवशीची, डब्यात झाकण घट्ट लावून. आधी तिची ओल मोजायची, मग वळ्या वळायच्या. एका मुलीचे वाफशाच्या ओलीचा आणि वळी तुटतानाच्या ओलीचा असे दोन आकडे इतके जवळ आले की तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. तिनं सगळं पुन्हा केलं.

पांदणीचा दुसरा तुकडा यंदा पाऊस उघडल्यावर, वाफशावर करायचा आहे. या वेळी ढेकळं फोडायला रोटाव्हेटर. काका द्यायला तयार आहेत, पण सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्याची पेरणी आधी, पांदण मग. आणि डिझेल माझं.